धुवू नका म्हणाली, म्हणून

बी.एड.ला असताना आम्हाला एक प्रकरण अभ्यास लिहावा लागायचा. एखादं मूल निवडायचं, त्याचं घरचं, अडचणीचं, आपण काय केलं न् काय झालं ते सगळं क्रमानं मांडायचं. तेव्हा मार्कांसाठी लिहिला होता. आत्ताचा कुणी मागितलेला नाही, पण ऑगस्ट २०२५ पासून ह्या मार्चपर्यंत आमच्या घरात दोन गोधड्यांचं जे झालं ते नीट लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं. गोधड्यांचे फोटो सगळे टाकतात, काम बिघडलं तर काय करायचं ते कुणी लिहीत नाही.

गोधड्या शिवतात त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, त्यामुळं पुढं सगळीकडं आत्याच लिहिते. वय ६७. मी शाळेत विज्ञान शिकवते, सुई मला जेमतेम बटण लावण्यापुरती येते, पण घरातला हिशेब आणि गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडं असतात म्हणून हे सगळं डोळ्यासमोर घडलं. गिऱ्हाइकाचं नाव लिहिणार नाही, त्यांना नुसतं ताईच म्हणते. ताईंना विचारूनच लिहितेय.

घर सोलापुरात, भवानी पेठेच्या बाजूला, जुनं, पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्यामागं परस. गल्लीत निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पूर्वी घराघरात माग होते, आता थोडे उरलेत तरी दुपारी खटाखट ऐकू येतंच. चादरीच्या गावात गोधडी कोण घेतं असं मला लग्न होऊन आल्यावर वाटायचं. सोलापुरी चादर दुकानात मिळते, तिला जीआय मानांकनसुद्धा आहे. पण आईच्या पातळाची, आजीच्या लुगड्याची चादर कुठल्याच मागावर विणून मिळत नाही, त्यासाठी लोक आत्यांकडं येतात.

आत्यांचं वर्ष

हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आत्यांचं शिवणाचं वर्ष गड्ड्यापासून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेपासून सुरू होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या अक्षता पडल्या, नंदीध्वज बघून झाले, गड्ड्यावरनं बत्तासे आणले, की पुढच्या आठवड्यात त्या सुयांचा डबा काढतात. माघ ते वैशाख हा शिवायचा काळ. त्यात रब्बीची ज्वारी निघते, बाया मोकळ्या होतात, हवा कोरडी असते, धुतलेलं कापड दोन तासांत खडखडीत वाळतं. एप्रिल-मेला आमच्याकडं ४२-४३ डिग्री म्हणजे रोजचंच, तेव्हा त्या सकाळी सहा ते नऊ शिवतात आणि परत रात्री जेवणं झाल्यावर फॅनखाली.

मधेच उन्हाळी कामं असतात. कुरडया, शेवया, सांडगे, काळा मसाला. त्या आठ-दहा दिवसांत सुईला हात नाही. तसंच शेंगाचटणी कुटायच्या दिवशी पण नाही, कारण आपली चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची असते आणि ते तेल बोटांच्या रेघांत बसतं, कितीही साबण लावा, पांढऱ्या अस्तराला डाग पडतोच. उलट मोठी गोधडी हातात घ्यायच्या आधी त्या एक दिवस फक्त कडक भाकरी करतात, वीस-पंचवीस, पातळ, चुलीवर कडक करून चळत लावून ठेवायच्या. मग पंधरा दिवस दुपारचा स्वयंपाक नाही, कडक भाकरी, चटणी, दही, कांदा. मला सुरुवातीला वाटायचं हा नुसता आवडीचा भाग आहे, नंतर कळलं की हे शिवणाचं प्लॅनिंग आहे.

मृग लागला की सुया डब्यात आणि आत्या परसात. अंबाडी, दोडका, घेवड्याचा वेल, दोन ओळी भेंडी, कढीपत्ता नि शेवगा कायमचेच. पावसाळ्यात आमच्याकडं आठवड्यातून दोनदा अंबाडीची भाजी असते, शेजारचे तिला गोंगुरा म्हणतात नि वाटी पाठवली की रिकामी परत येत नाही. मग श्रावणापासून सणच सण, दिवाळीनंतर घेवडा, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आत्यांच्या भावाच्या शेतात येळवस, म्हणजे रानातली पूजा नि जेवण, कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे. आणि त्या महिन्यात हुरडा. पावसाळ्यातनं थंडीपर्यंत त्या ठिगळं जोडतात, उसवलेलं दुरुस्त करतात, पण नवी गोधडी अंथरत नाहीत. हा त्यांचा नियम. दुसरा नियम, न धुतलेलं कापड सुईला लावायचं नाही.

ताईंच्या ऑर्डरला दोन्ही नियम मोडले.

ऑर्डर

ताई मूळच्या आमच्याच गल्लीतल्या, आता पुण्याला असतात. त्यांची आई आत्यांची मैत्रीण, चाळीस वर्षांची. पापड एकत्र, हळदीकुंकू एकत्र, दोघी मिळून चालत रूपाभवानीला जायच्या. त्या २०२४ च्या दसऱ्यानंतर गेल्या. राखीपौर्णिमेला ताई भावाच्या निमित्तानं सोलापूरला आल्या, घर रिकामं करायचं होतं, आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडं आल्या. ट्रंकेत सात साड्या. तीन इरकल नऊवारी, दोन सुती पातळं, दोन सिंथेटिक. दोन गोधड्या पाहिजेत, एक मला एक भावाला, आणि वर्षश्राद्धाच्या आधी. म्हणजे दसऱ्यानंतर पाच दिवसांनी.

आत्यांनी एकेक साडी मांडीवर घेऊन बघितली. दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकं ताणायचं, चर्र झालं तर ते वरच्या थराला चालत नाही, फारच विरलेलं असेल तर टाकायचं. सिंथेटिक बाजूला ठेवल्या, त्या आत सरकतात आणि अंगाला चिकटतात. मग म्हणाल्या, "धुवून घेते, मग सांगते."

ताई एकदम म्हणाल्या, "काकू, धुवू नका ना. आईचा वास आहे त्याला."

मी तिथंच होते. आत्यांनी इरकलचा पदर नाकाला लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तो वास मलाही ओळखीचा होता, खोबरेल तेल, डांबरगोळी आणि खळ. त्या मावशी पातळाला तांदळाच्या पेजेची कडक खळ द्यायच्या, रस्त्यानं चालल्या तरी कापड वाजायचं. शेवटी आत्या म्हणाल्या, "बरं बाई. तुझ्या मनासारखं करू की."

ताई गेल्यावर मी विचारलं, आत्या, पावसाळ्यात? न धुता? तर म्हणाल्या, "ती माझ्याकडं गोधडी मागाय आली न्हाई, आई मागाय आली हुती. कसं न्हाई म्हणू?"

ह्यात मी आत्यांना चूक ठरवत नाही. त्या जागी मीही हेच केलं असतं.

काम कसं झालं

हिशेब असा. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, सहावारी साडेपाच. पन्हा सव्वा मीटरच्या थोडा आत. गोधडी सहा फूट बाय साडेचार फूट, सहा थर. तीन नऊवारी आणि दोन पातळं मिळून, विरलेला भाग काढल्यावर, दोन गोधड्यांना पुरतील एवढंच कापड. चुकायला जागा नाही. टॉवेलच्या कारखान्यातले कटपीस किलोवर मिळतात, ते आत घालायचे म्हटलं तर ताई म्हणाल्या नको, सगळी आईचीच पाहिजे.

दोन दिवस साड्या गच्चीवर उन्हात घातल्या, जेवढं ऊन होतं तेवढं. मग पुढच्या खोलीत अस्तर अंथरलं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी तांब्या आणि दोन दगड. थरावर थर, प्रत्येक थर तळव्यानं मधून कडेकडं सारखा करायचा, एक सुरकुती राहिली तर ती जन्मभर राहते. लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग धावदोरा. आत्या कडेनं सुरू करतात आणि चौकोनात चौकोन करत आत येतात, दोन ओळींत एक बोट अंतर. उजव्या हातानं सुई, डावा हात खाली, सुईचं टोक डाव्या तर्जनीला टेकलं की वर वळवायची. त्या बोटाला त्यांचा घट्टा पडलाय, पिवळट, वाटाण्याएवढा, गरम तवा त्या बोटानं सरकवतात. मी एकदा मोजलं होतं, ओळींची लांबी मिळवली तर एका गोधडीत सव्वाशे मीटर शिवण होतं, दोरा दीडशे मीटरच्या आसपास, आणि टाके बारा हजारांच्या घरात.

पहिली गोधडी गौरी-गणपतीचे दिवस सोडून बरोबर ५२ तासांत झाली, मी वहीत लिहीत होते. सप्टेंबरच्या दहा-बारा तारखेला पूर्ण. फार सुंदर झाली होती. मधोमध हिरव्या इरकलचं अंग, चारी बाजूंनी काठ, कोपऱ्यांत तांबड्या पदराचे तुकडे. पाऊस चालू होता म्हणून घडी घालून एका नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवली. ही पिशवी मी आणून दिली होती. दुसरी गोधडी अंथरून कच्चे टाके घालून झाले होते, ती गुंडाळून कॉटवर भिंतीकडच्या बाजूला.

सर्वपित्रीचा दिवस

घट बसायच्या आदल्या दिवशी आम्ही घर झाडायला काढलं. कॉट ओढली तर भिंतीला ओल, गुंडाळलेल्या गोधडीचं एक टोक भिजलेलं. उलगडलं तर पांढऱ्या पातळावर तांबडा रंग उतरलेला, हाताच्या पंजाएवढा, कडेनं गुलाबी होत गेलेला. आत्यांनी लगेच कपाटावरची पिशवी काढायला सांगितली.

पिशवीची गाठ सोडली तेव्हा जो वास आला तो मी विसरणार नाही. कुबट, बंद पडलेल्या घरासारखा. घडीच्या आतल्या बाजूला, जिथं कापडावर कापड दाबून बसलं होतं, तिथं मोहरीसारखे काळे ठिपके, काही ठिकाणी राखाडी लव. खोबरेल तेलाचा वास कुठंच नव्हता. ताईंनी जे जपायला सांगितलं होतं नेमकं तेच आधी गेलं होतं.

आत्या खाली बसल्या आणि रडल्या नाहीत, नुसता हात फिरवत राहिल्या गोधडीवर. म्हणाल्या, "तिची साडी खराब केली मी."

दुसऱ्या दिवसापासून तर पाऊस आणखीच वाढला, सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात, आत्यांच्या भावाचा फोन लागत नव्हता, दोन दिवस गोधडीचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यांचं घर वाचलं पण रानातली माती वाहून गेली. मग आम्ही परत ह्या विषयाकडं आलो.

कारण शोधलं

माझं म्हणणं होतं छत गळलं. आत्यांचं म्हणणं होतं अवेळी शिवलं. पण पहिली गोधडी भिजलीच नव्हती, पिशवी आतून कोरडी दिसत होती, मग बुरशी कशावर वाढली?

शेजारचे अण्णा आले. अण्णा पद्मशाली, आयुष्य सायझिंगच्या कारखान्यात गेलं, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायचं काम. त्यांनी पातळाची कड दोन बोटांत चोळली आणि बोटं बघितली. "खळ काढली नाही ना अक्का? ही बुरशी खळीवर आलेली आहे. आमच्याकडं पावसाळ्यात बीम तसंच पडलं तर असंच व्हायचं." बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ.

मी शाळेत मुलांना स्टार्चची चाचणी दाखवतेच. घरातलं आयोडीन असलेलं जखमेचं औषध पाण्यात पातळ केलं आणि दोन तुकड्यांवर एकेक थेंब टाकला, एक त्या पातळाचा, एक आमच्या धुतलेल्या जुन्या धोतराचा. धोतरावर पिवळट डाग. पातळावर बघता बघता निळा-काळा. अण्णांनी बोटांनी सांगितलं ते चाचणीनं दाखवलं.

मग सगळं जुळलं. सुती कापड हवेतला ओलावा धरतं, ठरलेल्या मोजमापाच्या हवेत वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी त्यात असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. दीड-पावणेदोन किलोची गोधडी, म्हणजे हाताला कोरडी वाटतानाही सवाशे-दीडशे ग्रॅम पाणी आत, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. त्यात तांदळाची खळ आणि अंगाचं तेल-घाम, म्हणजे बुरशीला खायला अन्न. वर प्लॅस्टिकची गाठ मारून हवा बंद. अन्न, पाणी, ऊब, बंद जागा, ह्यातलं एकही कमी असतं तर कदाचित वाचली असती. न धुण्याचा निर्णय ताईंचा, तो मानण्याचा आत्यांचा आणि पिशवी माझी. वहीत मी तिन्ही लिहिलं.

रंगाचं वेगळं. इरकलच्या पदराचा ताणा, म्हणजे उभं सूत, वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. पदर तांबडा, आणि त्या तीनपैकी एका पदराचा रंग कच्चा होता. ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळलं की लगेच कळलं असतं. नुसतं भिजून लगेच वाळलं तर एवढं होत नाही, ओलं कापड दुसऱ्या कापडाला दाबून तासन् तास राहिलं की रंग सरकतो. धुतलं असतं तर हेही आधीच दिसलं असतं.

फोन

ताईंना फोन मीच लावला पण बोलल्या आत्या. मला वाटलं होतं आधी पावसाचं सांगतील, पुराचं सांगतील. त्यांनी पहिल्याच वाक्याला सांगितलं, "गोधडी खराब झाली. बुरशी धरली. चूक माझी हाय, मी धुवाय पायजे हुतं."

पलीकडं बराच वेळ शांत. मग ताई रडल्या, आणि मग चिडल्या. विश्वासानं दिलं होतं, आता ते परत कुठून आणू, असं. आत्या ऐकत राहिल्या, मधे एकदाही 'पण' म्हणाल्या नाहीत. मी ॲडव्हान्सचे हजार परत पाठवते म्हणाले तर ताई म्हणाल्या पैशाचं काय करू. फोन ठेवला त्यांनी.

संध्याकाळी त्यांचाच परत फोन आला. आवाज बसलेला. "काकू, काहीच राहिलं नाही का?"

राहिलं होतं. तिसऱ्या इरकलचा निम्मा भाग अजून कापलेलाच नव्हता, ट्रंकेत तसाच, आणि ट्रंक स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला होती म्हणून कोरडी. आत्यांनी तो हुंगला आणि माझ्यापुढं धरला. वास होता. मग मी सुचवलं की गोधडी धुतलेल्या कापडाची करू आणि ह्यातला एक हातभर तुकडा न धुता वेगळा ठेवू. तो तुकडा दोन दिवस चुलीच्या उबेला ठेवून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घातला, लोणच्याची जुनी नाही, नवी कोरी घेतली, नाहीतर तिचाच वास. ताईंना स्पष्ट सांगितलं की वास हळूहळू जातोच, बरणी कमी वेळा उघडा. त्या म्हणाल्या चालेल.

उसवणं, धुणं

उसवायला चार रात्री लागल्या, ११ तास. शिवताना सुई पुढं जाते ते बघायला बरं वाटतं, उसवताना बाई आपणच घातलेला एकेक टाका ब्लेडच्या टोकानं कापते. आत्यांनी मला हात लावू दिला नाही, विरलेलं कापड आहे, तू ओढशील म्हणाल्या. बुरशीचं कापड गच्चीवर नेऊन, नाकातोंडाला फडकं बांधून, कोरडंच ब्रशनं झाडलं, घरात झाडायचं नाही.

वर्षश्राद्धाला गोधडी होणार नव्हती हे उघड होतं. पाऊस उघडल्यावर पहिल्या उन्हात आत्यांनी एका पातळाचा बरा भाग धुवून वाळवला, इस्त्री फिरवली, आणि तीन दिवसांत हातभर बाय हातभर एक आसन शिवून दिलं, चार थरांचं, कडेला इरकलचा काठ. ताईंनी त्याच्यावर आईचा फोटो ठेवला. बरणी पण शेजारी होती असं त्यांनी सांगितलं.

बाकीचं कापड ऑक्टोबरच्या उन्हात धुतलं. पाणी आमच्याकडं चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळं दोन बॅरल आधी भरून ठेवले. पहिली रात्र नुसत्या पाण्यात भिजत, त्यानं खळ फुगून सुटते, हे अण्णांनी सांगितलं. सकाळी पाणी पेजेसारखं पांढुरकं झालं होतं. मग रिठ्याचं पाणी, गार, चोळायचं नाही, दाबायचं. तांबडे पदर वेगळ्या घमेल्यात, सातव्या पाण्याला रंग यायचा थांबला. मीठ टाका म्हणून तिघींनी सांगितलं, आत्यांनी नाही टाकलं. मिठानं कच्चा रंग पक्का होत नाही हे त्यांना अनुभवानं माहीत आहे, कच्चा रंग धुवून काढूनच टाकायचा. शेवटी परत आयोडीनचा थेंब टाकून बघितला, निळं झालं नाही. रिठ्याचं पाणी जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीवर शिंपडलं आणि उरलेलं साधं पाणी शेवग्याला.

काळे ठिपके लिंबू-मीठ-उन्हानं फिके झाले, गेले नाहीत. ते थर मधे जातील असं ठरलं. गुलाबी डागावर काठाची पट्टी येईल. धुतलेलं सगळं कापड सुती पिशवीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, गड्ड्यापर्यंत.

परत शिवलं

त्या हिवाळ्यात आत्या नेहमीसारख्या राहिल्या नाहीत. येळवसला भावाच्या शेतात गेलो, पुरानं खरवडलेल्या रानात त्यांनी उशिरा का होईना ज्वारी पेरली होती, गुडघ्याएवढी होती, दरवर्षी त्या वेळेला डोक्याएवढी असते. तरी कोप केली, आंबील शिंपडली. परत येताना आत्या म्हणाल्या, त्यानं परत पेरलंच की.

संक्रांतीनंतर कडक भाकरीची चळत केली आणि सुया काढल्या. मधल्या मारुतीजवळनं नवा दोरा आणला. ह्या वेळी ५० तास लागले पहिल्या गोधडीला. कोरडी हवा, सुई सरसर जाते, पावसाळ्यात दोरा कापडात अडतो ते आत्यांनी मला तेव्हा दाखवलं, मेण लावूनसुद्धा.

पैशाचं पण लिहिलं पाहिजे. एका गोधडीची मजुरी १८०० ठरली होती. नेहमीच्या ५२ तासांनी भागलं तर तासाला पस्तीस रुपयेही पडत नाहीत. ह्या गोधडीला पहिल्यांदा शिवण, उसवणं, धुणं आणि परत शिवण धरून १२२ तास झाले, म्हणजे तासाला पंधराच्या आत. मी म्हणाले निदान धुण्याचे जास्त घेऊ, आत्यांनी घेतले नाहीत. माझं मत अजून तेच आहे, हातशिवणीचा दर वाढलाच पाहिजे, माया वेगळी आणि मजुरी वेगळी. ह्या जानेवारीपासून नव्या ऑर्डरला मी २५०० सांगते आणि कापड धुणार हे आधीच सांगते. एक गिऱ्हाईक परत गेलं. बाकीच्यांनी दिले.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात ताई आल्या. आत्यांची आई अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी, त्यांच्यात गोधडीला कौदी म्हणतात आणि शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा कण ठेवतात, गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून. आत्या कडक भाकरीचा ठेवतात, त्यात ओल नसते, किडा लागत नाही. तो कोपरा त्यांनी उघडा ठेवला होता. ताईंच्या हातात कण दिला, मग सुई दिली. ताईंनी सात-आठ टाके घातले, एक लांब एक आखूड, आत्यांनी गाठ मारून दिली. ते टाके तसेच आहेत.

जाताना ताईंनी गोधडी हुंगली. रिठा आणि कडुनिंब. "काकू, आता तुमच्या घराचा वास आहे," म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या, सोबत पाव किलो शेंगाचटणी आणि अंबाडीचं बी. पुण्याच्या गॅलरीत येईल का माहीत नाही, कुंडी खोल घ्या असं सांगितलंय.

दुसरी गोधडी भावाची, ती पण झालीय. भाऊ हैदराबादला असतात, येतो येतो म्हणतात, अजून आले नाहीत. सुती पिशवीत आमच्याकडंच आहे. दर अमावस्येला आत्या ती काढतात, गच्चीवर दोरीवर टाकतात, दुपारी उलटी करतात, ऊन उतरायच्या आत घडी बदलून ठेवतात आणि पाला नवा घालतात. काल घातली होती.